बदलीपायी नाकारलेलं प्रमोशन : पन्नाशीनंतर मागे वळून बघताना

कृष्णाकाठची

सरकारी बँकेत क्लार्क म्हणून लागलेल्या माझ्या पिढीतल्या कितीतरी बायकांच्या सर्व्हिस फाइलमध्ये एक कागद हमखास सापडेल, प्रमोशन नको असल्याचा अर्ज. त्याविषयी बोलायला हा धागा काढतेय. बँकवाल्यांनी तर लिहाच, पण एलआयसी, पोस्ट, महसूल, झेडपी, जिथे जिथे बढती म्हणजे बदली असं समीकरण आहे तिथल्यांनीही लिहा.

माझं थोडक्यात सांगते. सासर-माहेर दोन्ही सांगलीचं. १९९४ मध्ये बीएसआरबीची (तेव्हाचं बँक भरती मंडळ) परीक्षा देऊन बँकेत लागले. तेव्हा शाखेत जाडजूड लेजरं होती, पैसे काढायला आलेल्याच्या हातात पितळी टोकन दिलं जायचं, आणि एएलपीएम, म्हणजे लेजरच्या नोंदी करणारी मशीन आली की लोक काउंटरवर वाकून बघायचे. मिस्टर पाटबंधारे खात्यात. त्यांच्या बदल्या चांदोली, सोलापूर, नांदेड, परत सातारा अशा होत राहिल्या. घरी दोन मुलं आणि संधिवाताने बेजार सासूबाई. पार्ट वन, पार्ट टू करून सीएआयआयबी ही बँकिंगची परीक्षा लवकरच पास झाले होते, त्यामुळे शाखेत सगळे गृहीत धरून होते की मी ऑफिसर होणार.

जे बँकेत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. क्लार्कची बदली साधारण शहरात, फार तर जिल्ह्यात. ऑफिसर झालात की संपूर्ण देश खुला, आणि पहिलं पोस्टिंग बहुतेक वेळा लांबचंच. शिवाय एकदा नाकारलं की आमच्याकडे पुढची काही वर्षं प्रक्रियेत बसू देत नसत. म्हणजे मुलगी बालवाडीत म्हणून नाकारलं, आणि पुन्हा संधी आली तेव्हा मुलगा दहावीला, असं ते चक्र.

मी नाकारलं आणि हेड कॅशियर झाले. ते काम सोपं असतं असं कुणाला वाटत असेल तर हे वाचा. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या लागतात, एक ऑफिसरकडे, एक हेड कॅशियरकडे. दोघं हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. त्यामुळे ती किल्ली पर्समध्ये असली की आजारी पडायचीही सोय नाही. मुलाला डेंग्यू झाला तेव्हा पहाटे त्याला दवाखान्यात दाखल केलं, सलाईन लागलं, आणि मी रिक्षा करून साहेबांच्या घरी गेले. रजिस्टरमध्ये नोंद करून किल्ली ताब्यात द्यावी लागते, ते सगळं रीतसर करून परत दवाखान्यात. शाखा बाजारपेठेतली. हळदीच्या सौद्यांचा हंगाम सुरू झाला की व्यापाऱ्यांच्या नोटांना हळदीचा वास यायचा, संध्याकाळी बोटांची टोकं पिवळी व्हायची. २००१ पर्यंत नोटांच्या गड्ड्यांना पिना मारलेल्या असत, त्या उपसून मोजायचं. पुढे रिझर्व्ह बँकेने पिना बंद केल्या आणि कागदी पट्ट्या आल्या, तेव्हा हायसं वाटलं.

२००५ च्या पुरात मिस्टर धरणावर ड्युटीला. पाणी आयर्विन पुलापाशी धोक्याची ४५ फुटांची पातळी कधीच ओलांडून गेलेलं. सासूबाईंना खुर्चीसकट उचलून शेजारच्या पोरांनी गाडीत बसवलं, मुलांची दप्तरं आणि घराची कागदपत्रं एका पिशवीत घेतली आणि आम्ही विश्रामबागेत नणंदेकडे गेलो. त्या रात्रीबद्दल आजही घरात बोलणं निघतं. काय निघतं? ‘बिचारे हे, तिकडे धरणावर अडकले होते, जेवायची शुद्ध नव्हती.’ ते खरंच अडकले होते आणि त्यांचं काम फार मोठं होतं. त्यांनी पाण्याचा हिशेब ठेवला म्हणून खालची गावं वाचतात, याचा मला अभिमान आहे.

पण मला म्हणायचंय ते असं. त्यांच्या प्रत्येक बदलीची घराला तोंडपाठ माहिती आहे. माझं नाकारलेलं प्रमोशन मात्र घराच्या हिशेबात कुठेच नाही. परवा लेक सहज म्हणाली, "आई, तुझं बरं होतं, एकाच गावात आरामात नोकरी झाली." ती मनाने वाईट नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि हिशेब नुसता मानाचा नाही, पैशांचाही आहे. बँकेची पेन्शन म्हणजे पूर्ण ३३ वर्षांच्या सर्व्हिसला शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरी पगाराच्या निम्मी. माझ्याबरोबर लागून वर गेलेला सहकारी आज स्केल फोरला, म्हणजे चीफ मॅनेजर आहे. तो फरक निवृत्तीला संपत नाही, मरेपर्यंत चालतो.

मुलं डोळ्यांसमोर वाढली, ते मला हवंच होतं. फक्त त्याची किंमत कुणी भरली हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असावं, इतकंच माझं म्हणणं. तुमच्याकडे हा निर्णय कसा झाला? बसून बोललात, की गृहीतच होतं?

जुना_कॅशियर

ताई, मी दुसऱ्या बाजूचा. मी प्रमोशन घेतलं. २००१ साली, बँकांतून व्हीआरएसची (स्वेच्छानिवृत्तीची) मोठी लाट नुकतीच येऊन गेली होती. देशभरात लाखाहून जास्त लोक बाहेर पडले होते आणि शाखा ओस पडल्या होत्या. पोस्टिंग बिहारमध्ये, सिवानच्या पुढे एका बाजाराच्या गावात. दिवसातून काही तास वीज, शाखेला जनरेटर. रात्री उशिरा एसटीडीचे दर उतरायचे तेव्हा बूथवर रांग लावून घरी फोन करायचा. बिल फिरताना दिसायचं, म्हणून बायको आधी पोरांची तब्येत सांगून घ्यायची, मग पैशांचं.

स्केल थ्रीला निवृत्त झालो. पेन्शन चांगली आहे, नाही म्हणत नाही. पण आज मुलगी नोकरी बदलायचा विचार करते तेव्हा आईशी तासभर बोलते, आणि ठरलं की मला कळवते. ज्यांनी प्रमोशन घेतलं त्यांनीही काही मोजलंय, एवढं लक्षात असू द्या. शिवाय एक विचारतो, राग मानू नका. नाकारण्याची सही तुमचीच होती ना?

कृष्णाकाठची

राग कशाला, काका. सही माझीच. पण त्या सहीच्या आधी घरात एकही चर्चा झाली नाही. मी प्रमोशन घेतलं तर काय काय करता येईल, हा प्रश्नच कुणी मांडला नाही. मिस्टरांना नांदेडची ऑर्डर आली तेव्हा मात्र जेवणं झाल्यावर सगळे बसलो होतो, कुठला डबा, कुठली खोली, महिन्याला किती पाठवायचे, सगळं ठरलं. ऑर्डर आली म्हणजे जायचंच, हे त्यांच्या बाबतीत ठरलेलं. माझ्या बाबतीत ऑर्डर आली म्हणजे नाकारायची, हेही तसंच ठरलेलं.

तुमचं सिवान तुम्ही इथे लिहिलंत ते फार बरं केलंत. एक विचारू? त्या वर्षांत वहिनींनी काय सोडलं?

रातराणी_शिक्षिका

आमच्या झेडपीत वेगळाच प्रकार. मी सोलापूर जिल्ह्यात, नवरा रत्नागिरी जिल्ह्यात, दोघंही प्राथमिक शिक्षक. लग्नानंतर बरीच वर्षं संसार दिवाळी आणि मे महिन्यात. आंतरजिल्हा बदलीसाठी जिल्हा परिषदेच्या कक्षात खेटे घालणं हे आमच्या पिढीच्या शिक्षकांचं अर्धं आयुष्य होतं. २७ फेब्रुवारी २०१७ चा शासन निर्णय आला, जिल्ह्यांतर्गत बदल्या ऑनलाइन झाल्या, पती-पत्नीसाठी संवर्ग दोन हा प्राधान्यगट आला, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आता ओळखीची गरज नाही. त्याच सुमाराला आंतरजिल्हा बदली मिळून आमचं एकत्रीकरण झालं. मुलगा तेव्हा आठवीत. बाबा रोज घरी येतात याची सवय त्याला लागता लागता तो दहावी होऊन कॉलेजला गेलासुद्धा.

प्रमोशनचं म्हणाल तर केंद्रप्रमुखपद मी नाकारलं. बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी आणि चोवीस वर्षांनी निवड श्रेणी, या वरच्या पगारश्रेणी शिक्षक म्हणूनच मिळतात, त्यामुळे बढतीने पगारात फारसा फरक पडत नाही आणि फिरती मात्र दहा-बारा शाळांची. माझ्या ओळखीच्या शिक्षिकांपैकी बहुतेकींनी नाकारलं. मग बैठकीला गेलं की केंद्रप्रमुखांच्या खुर्च्यांवर पुरुषच, आणि म्हणायला मोकळे की बायका पुढे येत नाहीत.

मुक्ता_आहे

मी लेकीच्या बाजूने लिहिते, थोडं कडू लागेल.

माझी आई एलआयसीत होती. तिनेही नाकारलं. फरक असा की तिने ते आम्हाला सांगितलं, आणि खूप वेळा सांगितलं. पेपरात मार्क कमी पडले की, "तुमच्यासाठी मी ऑफिसर झाले नाही." मी इंजिनिअरिंग सोडून आर्ट्सला गेले तेव्हाही तेच. लहानपणी मला वाटायचं माझ्या डोक्यावर एक कर्ज आहे आणि ते कसं फेडायचं हे कुणी सांगत नाही.

आता मी स्वतः त्रेचाळीस वर्षांची आहे. तिच्यावर काय गेलं असेल ते कळतं. तरी सांगते, कृष्णाकाठचीताई, मुलांना जरूर सांगा, पण त्यांच्यासाठी नाकारलं असं सांगू नका. त्यांनी मागितलं नव्हतं.

कृष्णाकाठची

मुक्ता, तुमची पोस्ट वाचून उठले, चहा टाकला, पुन्हा येऊन वाचली.

तुम्ही म्हणताय ते अगदी खरं. हा हिशेब मुलांच्या नावावर टाकायचाच नाही. तो नवरा-बायकोचा आहे, दोन मोठ्या माणसांचा. दोघांपैकी एकाला थांबावं लागणार होतं आणि मी थांबले. त्याची बाकी निघत असेल तर ती मिस्टरांशी बोलायची. आमच्या आयांच्या पिढीत नवऱ्याशी हे बोलायची सोय नव्हती, म्हणून ते पोरांवर निघायचं. तुमच्या आईंचंही तसंच झालं असेल का?

मुक्ता_आहे

असेल. वडिलांशी तिला कधी भांडताना पाहिलं नाही मी.

लेथवाला_मिरज

माझी बाजू लिहितो, कारण अशी उदाहरणं कमी असतात. माझं एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, पंपांचे पार्ट करून देतो. बायको बँकेत. तिला प्रमोशन आलं तेव्हा मी सरळ हिशेब केला. वर्कशॉप उचलून नेता येत नाही आणि तिची बदली टळत नाही. मग मुलांपाशी कुणी राहायचं? मी. तिला आधी छत्तीसगड, मग विदर्भात मिळालं. आज ती चीफ मॅनेजर आहे.

सकाळी डबे मी करायचो. दोन्ही मुलींच्या वेण्या घालायला शेजारच्या काकूंनी शिकवल्या. हाताला कटिंग ऑइलचा वास असायचा तो पोरींना आवडायचा नाही, म्हणून आधी हात राखेने धुवायचे आणि मग केसांना लावायचे. आईला मात्र हे शेवटपर्यंत पटलं नाही. पाहुणे आले की ती म्हणायची, "सून बाहेरगावी आहे," कामावर आहे असं कधी म्हणाली नाही. भावकीतल्या लग्नात लोक मला विचारायचे, "काय, सगळं ठीक ना तुमच्यात?" बायकोला घेऊन जा, पगार पाठवते का, अशा चौकशा. दोन-तीन वर्षांनी थांबल्या.

मला यात काही मोठं केलं असं वाटत नाही. ज्याचं काम हलू शकत नाही त्याने मुलांपाशी थांबावं, हा साधा व्यवहार आहे. पण हा व्यवहार लग्नाआधी बोलून घेतला होता, म्हणून जमलं. आयत्या वेळी ऑर्डर हातात आल्यावर बोललो असतो तर आईचंच ऐकलं गेलं असतं.

तन्वी_पीओ

सगळ्यांना नमस्कार. मी एकोणतीस वर्षांची आहे, आयबीपीएसमधून (बँकभरतीची परीक्षा) पीओ, म्हणजे थेट ऑफिसर झाले, सध्या गडचिरोली जिल्ह्यात आहे. घरी स्थळं बघतायत. पत्रिका नंतर, पहिला प्रश्न हाच की बदली होते का. दुसरा प्रश्न, क्लार्क होता येतं का परत! खरंच विचारलं एकांनी, आणि ते स्वतः बँकेतच आहेत.

महिलांची बदली शक्यतो नवरा किंवा आईवडील असतील तिथे करावी अशा अर्थमंत्रालयाच्या सूचना २०१४ पासून आहेत, पण त्या प्रशासकीय गरजेला बांधलेल्या. विनंती अर्ज करायचा आणि वाट बघायची. ताई, तुम्ही पेन्शनचं लिहिलंत ते वाचून घाबरले. आम्हाला तर तीही नाही ना?

कृष्णाकाठची

तन्वी, घाबरू नकोस, पण नीट समजून घे. १ एप्रिल २०१० पासून लागलेल्यांना एनपीएस, म्हणजे आपल्या खात्यात पैसे साठवायची राष्ट्रीय पेन्शन योजना. तुझे दहा टक्के, बँकेचे चौदा टक्के, बेसिक आणि डीएवर. म्हणजे आमच्याकडे शेवटचा पगार महत्त्वाचा, तुमच्याकडे प्रत्येक वर्षाचा पगार महत्त्वाचा. मधे बिनपगारी रजा घेतलीस किंवा खालच्या पगारावर थांबलीस, तर तेवढी वर्षं खात्यात पैसे कमी पडतात आणि त्यावरची वाढही जाते. सुरुवातीच्या वर्षांतला खड्डा सगळ्यात महाग. त्यामुळे लग्न ठरवताना थांबायचं कुणी हे बोलणं होईल, तेव्हा ही रक्कमही कागदावर मांड. थांबणाऱ्याच्या एनपीएसमध्ये दुसऱ्याने भर घालायची, हे आधीच ठरवता येतं. स्वतःहून जास्त भरायची सोय त्यात आहे.

लेथवाला दादांची पोस्ट त्या स्थळांना वाचायला दे. आणि क्लार्क होता येतं का असं विचारणाऱ्यांचा चहासुद्धा घेऊ नकोस.

तन्वी_पीओ

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, या बाई कुठे राहतात, भेटून येऊ.

ताई, तुमच्या बँकेत आता प्रमोशनला वयाची अट आहे का? आमच्याकडच्या एक मॅडम सत्तावन्नाव्या वर्षी ऑफिसर झाल्या.

जुना_कॅशियर

ताईंनी मला प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मी ते स्वतः न देता हिला विचारलं. आज दुपारी जेवताना विचारलं, "तू काय सोडलंस?"

ती बालवाडी चालवायची, आमच्याच सोप्यात. बारा-पंधरा मुलं यायची. मी बिहारला गेलो आणि दीड वर्षात वडिलांना अर्धांगवायू झाला, तेव्हा ती बंद केली. ते मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की नगरपालिकेच्या बालवाडीत तिला कायमची जागा मिळत होती आणि तिने ते पत्र मला दाखवलंच नाही. म्हणाली, "तुम्ही तिकडून काय करणार होता? फोनचं बिल वाढलं असतं." पत्र अजून आहे. कपाटातल्या रेशनकार्डाच्या फाइलमध्ये. काढून दाखवलं.

मग मुलीला व्हिडिओ कॉल लावला आणि तिच्यापुढे ते पत्र मीच वाचून दाखवलं, सहीशिक्क्यासकट.

रातराणी_शिक्षिका

काका, तुम्ही वाचून दाखवलंत हे फार मोलाचं. वहिनींना नमस्कार सांगा.

कृष्णाकाठची

काका, वहिनींना माझाही नमस्कार. त्यांनी परवानगी दिली तर त्या बालवाडीबद्दल आणखी लिहा, गाणी कुठली शिकवायच्या, काय खाऊ द्यायच्या. कुणाच्याही कागदपत्रांत ते नसेल, इथे तरी राहील.

माझ्याकडचं सांगते. मिस्टर गेल्या वर्षी अठ्ठावन्न पूर्ण होऊन निवृत्त झाले. बँकेत साठ, त्यामुळे मी अजून नोकरीत आहे. सकाळी आता तेच कणीक मळतात आणि मी दहा मिनिटं शांतपणे पेपर वाचते. शनिवारी हा धागा त्यांना पहिल्यापासून वाचायला दिला. दोनदा वाचला. पुराच्या रात्रीच्या परिच्छेदापाशी थांबले आणि विचारलं, आईला खुर्चीतून नेलं तेव्हा जिन्यावर पाणी होतं का? इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्या रात्रीबद्दल मला विचारलं. मी सांगत बसले, ते ऐकत बसले. रविवारी लेकीला त्यांनी स्वतः फोन केला आणि तुझ्या आईची नोकरी आरामात झाली नाही, हे त्यांच्या तोंडून सांगितलं. मी स्वयंपाकघरात होते, मुद्दाम बाहेर आले नाही.

तन्वी, वयाची अट आहे, आणि मी अजून तिच्यात बसते. यंदाचं सर्क्युलर लागलंय. सासूबाई आता नाहीत, मुलं पुण्यात आणि बंगळुरूला, आणि मिस्टर म्हणाले, "कुठेही टाकू देत, मी येतो डबा घेऊन." निवृत्तीला पाच वर्षं आहेत, म्हणजे शेवटचे दहा महिने वरच्या पगारावर मिळतील आणि पेन्शन त्यावर बसेल. कालच अर्ज दिला. तिजोरीची किल्ली इतकी वर्षं सांभाळली, आता शाखा चालवून बघायची आहे. लेखी परीक्षेला काय येतं ते सांग बाई, माझा अभ्यास लेजरच्या काळातला.

लेथवाला_मिरज

ताई, मनापासून अभिनंदन! बायकोला विचारून तुमच्या उपयोगाच्या नोट्स मिळतात का बघतो.

तन्वी_पीओ

ताई!! अभिनंदन अर्ज दिल्याबद्दलच. मी रोज रात्री नऊनंतर मोकळी असते, फोनवर घेऊ अभ्यास.

सुरुवात केवायसीपासून करा, रोख हाताळणी तुम्हाला झोपेतही येत असेल. मग एनपीएचं (थकलेल्या कर्जांचं) वर्गीकरण, नव्वद दिवसांचा नियम, पीककर्जाला तो हंगामावर मोजतात ते वेगळं लिहून ठेवा, नेहमी विचारतात. प्राधान्य क्षेत्राला द्यायच्या कर्जाचं चाळीस टक्क्यांचं उद्दिष्ट आणि त्यात शेतीचा अठरा टक्के वाटा. चेक आणि निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा, त्यात चेक न वटण्याचं कलम १३८. डिजिटलमध्ये यूपीआय, एनईएफटी, आरटीजीएस यांच्या मर्यादा आणि वेळा. मुलाखतीत बदलीला तयार आहात का हे विचारतातच, आणि तुमच्या वयाला दोनदा विचारतील.